अर्धशिशीशी तह

२२ मे १९९७ च्या रात्री, मध्यरात्र उलटून तास-सव्वा तास झाला असता, जबलपूर शहर भूकंपाने हादरले. घरे पडली, माणसे दगावली, आणि भूमी ही अचल असते या माणसाच्या सर्वांत जुन्या समजुतीला काही क्षणांत तडा गेला. त्या रात्री एक गोष्ट मात्र कोणालाही सिद्ध करून दाखवावी लागली नाही. जमीन हलली, हे शेजाऱ्याला पटवून देण्याचा प्रसंग आला नाही. कारण ती शेजाऱ्याच्याही पायाखाली हलली होती.

परंतु ज्यांच्या पायाखालची जमीन एरवीही हलते, अशी माणसे त्या शहरात त्यापूर्वी होती आणि आजही आहेत. जबलपुरातच का, ती प्रत्येक गावात आहेत. त्यांच्या भूकंपाची नोंद कोणत्याही वेधशाळेत होत नाही. भिंत सरळ उभी असते, दिवा स्थिर जळत असतो, घरातील मंडळी जेवत असतात, आणि त्यांच्यापैकी एकीला मात्र सारे घर गरगर फिरत असल्याचा भास होत असतो. पाठोपाठ अर्धे कपाळ ठणकू लागते, उजेड डोळ्यांत खुपू लागतो, फोडणीचा वास असह्य होतो आणि पोटात ढवळून येते. हे जिला होते तिला आपले दुखणे आधी पटवून द्यावे लागते, आणि मग त्यावर उपाय शोधावा लागतो. अर्धशिशीच्या रोग्याचे निम्मे दुःख या पटवून देण्यातच असते.

जबलपूरच्या मराठी वस्तीतील अशी एखादी गृहिणी डोळ्यांसमोर आणावी. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८१७ साली या भागातून गेला. तरी मराठी कुटुंबे तेथे राहिली, आणि पुढे कचेऱ्या, रेल्वे व दारूगोळ्याचे कारखाने यांच्या निमित्ताने त्यांत नव्यांची भर पडत गेली. विनोबांनी ज्या गावाला ‘संस्कारधानी’ म्हटले, त्या गावात या घरांनी आपले सणवार, आपले उपास आणि आपली भाषा जपली. आपल्या कल्पनेतील गृहिणीचे यजमान खमरियाच्या कारखान्यात पाळीने कामाला जातात. पाळीप्रमाणे घराचे जेवण बदलते, आणि तिची झोपही बदलते. महिन्यातून दोनदा येणारे तिचे डोके हळूहळू आठवड्याला येऊ लागले, आणि आता एक दिवसाआड येते. ‘पित्त झाले असेल’ असे सासूबाई म्हणतात. ‘चष्म्याचा नंबर वाढला असेल’ असे यजमान म्हणतात. मानेच्या मणक्यांची शंका शेजारीण काढते. आणि ती स्वतः काही न म्हणता फडताळातील डबीतून एक गोळी काढून घेते.

तिचे दुखणे नवे नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांत ‘अर्धावभेदक’ नावाचा एक आहे. अर्ध्या मस्तकात फुटल्यासारखी, टोचल्यासारखी वेदना होणे, त्याबरोबर ‘भ्रम’, म्हणजे भोवळ येणे, आणि हा प्रकार कधी पंधरा दिवसांनी, कधी दहा दिवसांनी, तर कधी अकस्मात उलटणे, असे त्याचे वर्णन त्या ग्रंथात आहे. ग्रीक वैद्यांनीही या रोगाला ‘अर्धे मस्तक’ याच अर्थाचे नाव दिले, आणि त्याचाच अपभ्रंश होऊन युरोपातील भाषांत ‘मायग्रेन’ हा शब्द आला. डोकेदुखी आणि भोवळ ही दोन भावंडे एकाच घरची आहेत, हे सुश्रुताच्या त्या वर्णनात आले होते. अर्वाचीन वैद्यकाने मात्र अर्धशिशीच्या भोवळीची सर्वमान्य व्याख्या अगदी अलीकडे, २०१२ साली निश्चित केली. ही भोवळ पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत टिकू शकते. आणि विशेष म्हणजे प्रत्येक वेळी डोके दुखलेच पाहिजे असे नाही.

येथे भाषेची एक अडचण उभी राहते, आणि ती वाटते तितकी क्षुल्लक नाही. मराठीत या अवस्थांना निरनिराळे शब्द आहेत. डोळ्यांपुढे अंधारी येते ती वेगळी. खोली गरगर फिरते ते वेगळे. चालताना तोल जातो ते वेगळे. आणि डोके नुसते हलके हलके होते ते आणखी वेगळे. आपली गृहिणी घरात हे सारे भेद बिनचूक सांगते. पण दवाखान्याची पायरी चढली की तिला हिंदीत बोलावे लागते, आणि या चार अवस्थांसाठी तिच्या तोंडून एकच वाक्य निघते, ‘चक्कर आता है।’ वास्तविक निदानाची किल्ली त्या चार शब्दांच्या भेदातच असते. उठून उभे राहताच अंधारी येत असेल, तर रक्तदाब, रक्तक्षय किंवा चालू असलेली औषधे यांच्याकडे पाहावे लागते. अंथरुणात कूस बदलताच खोली फिरते आणि मिनिटभरात थांबते, तेव्हा दोष बहुधा अंतर्कर्णातील स्फटिकांचा असतो. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांशी दूरचे रासायनिक नाते सांगणारे, कॅल्शियम कार्बोनेटाचे हे सूक्ष्म कण आपली जागा सोडून कानातील अर्धवर्तुळाकार नलिकांत शिरतात. त्यावर महिनोन्‌महिने गोळ्या घेण्याचे कारण नसते. जाणकार डॉक्टर रोग्याला निजवून त्याचे डोके विशिष्ट क्रमाने वळवतात, आणि पुष्कळदा एका बैठकीत ते कण स्वस्थानी परततात. भोवळीबरोबर एका कानात नाद होऊन ऐकूही कमी येऊ लागले, तर प्रॉस्पर मेनियेर या फ्रेंच वैद्याने १८६१ साली वर्णिलेल्या विकाराचा विचार करावा लागतो. आणि भोवळीबरोबर उजेड, आवाज व वास असह्य होत असतील, तर ती अर्धशिशीची भोवळ असण्याचा संभव मोठा. तेव्हा डॉक्टरांपुढे ‘चक्कर’ या एका शब्दावर न थांबता, काय होते, केव्हा होते आणि किती वेळ टिकते, या तीन प्रश्नांची उत्तरे तयार ठेवणे, हा उपचाराचा आरंभ होय.

मग हे होते तरी कशाने? एके काळी हा सारा रक्तवाहिन्यांचा खेळ मानला जाई. आज असे दिसते की, दोष मुख्यतः मेंदूच्या संवेदनशीलतेत असतो, आणि ती संवेदनशीलता बहुधा घराण्यातून येते. कार्ल लॅशले या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला स्वतःला अर्धशिशी होती. दुखण्यापूर्वी त्याच्या दृष्टीपुढे चमकती नागमोडी रेघ सरकत जाई. घाबरून न जाता त्याने तिची चित्रे काढली, वेळ मोजला, आणि १९४१ साली अनुमान मांडले की मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर या वेगाने सरकत असले पाहिजे. तीन वर्षांनी ब्राझीलच्या लेआँव या संशोधकाने सशाच्या मेंदूत नेमक्या तशाच मंदगती लाटेचे वर्णन केले. चेहऱ्याची व मस्तकावरणाची संवेदना वाहणारा मज्जातंतू अशा वेळी चेतवला जातो, वेदना वाढवणारी द्रव्ये स्रवतात, आणि तोल सांभाळणारी केंद्रेही त्या गोंधळात ओढली जातात. म्हणजे या दुखण्यात मनाचा दुबळेपणा नाही, कामाचा कंटाळा नाही, आणि ‘पित्त’ही त्याचे मूळ नाही. उलटी हे त्या लाटेचे एक लक्षण आहे. ती झाल्यावर बरे वाटते, म्हणून तिलाच कारण समजण्याची चूक घरोघरी होते.

हा रोग विरळाही नव्हे. बंगळूर व आसपासच्या खेड्यांत निम्हान्स या संस्थेच्या संशोधकांनी केलेल्या पाहणीत, १८ ते ६५ वर्षे वयाच्या दर चार माणसांपैकी एकाला वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झाल्याचे आढळले. स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक. कारण मासिक ऋतुचक्रातील चढउतार त्याला निमित्त होतात.

आता फडताळातील त्या डबीकडे वळले पाहिजे. कारण खरा धोका तेथे आहे. औषधांचे दोन वर्ग असतात. एक, आलेला झटका मोडणारी. दुसरा, झटके येऊच नयेत म्हणून रोज घ्यावयाची. पहिल्या वर्गात साध्या वेदनाशामक गोळ्या येतात, आणि १९९० नंतरच्या दशकात प्रचारात आलेली, केवळ अर्धशिशीसाठी असलेली ट्रिप्टान जातीची औषधे येतात. हृदयविकार असणाऱ्यांना ही दुसरी वर्ज्य होत. यांचा नियम असा की, ती दुखण्याच्या आरंभीच आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या पुऱ्या मात्रेत घ्यावी. झटका भरात आला म्हणजे जठराचे काम मंदावते, आणि उशिरा घेतलेली गोळी पोटात नुसती पडून राहते. ‘अजून थोडी वाट पाहू’ असे म्हणत सोसणारी गृहिणी संध्याकाळी गोळी घेते, आणि गोळीच निकामी असल्याचा बोल लावते.

परंतु याच्या उलट दुसरी चूक अधिक घातक आहे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातील पंधरा किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान, अर्गट किंवा संमिश्र गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या गेल्या, तर त्या गोळ्याच डोकेदुखीला कारण होऊ लागतात. गोळी उतरली की डोके चढते. डोके चढले की गोळी घेतली जाते. पहिल्या कर्जाचे व्याज फेडण्यासाठी दुसरे कर्ज काढावे, तसा हा व्यवहार. महिन्यातून दोनदा येणारे डोके एक दिवसाआड येऊ लागले, याचे उत्तर पुष्कळदा रोगात नसून डबीत सापडते. ही साखळी तोडावयाची म्हणजे त्या गोळ्या बंद करावयाच्या, आणि ते सोपे नाही. पहिले आठ-दहा दिवस डोके पूर्वीपेक्षाही अधिक दुखते, झोप उडते, जीव नकोसा होतो. त्यानंतर मात्र हळूहळू उतार पडू लागतो. हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे. कारण गुंगी आणणारी किंवा अफूच्या जातीची औषधे चालू असतील, तर ती एकदम तोडणे धोक्याचे असते.

या आठ-दहा दिवसांत रोग्याहून घराची परीक्षा अधिक असते. सासूबाईंनी ‘सूनबाई, तू पडून राहा, आजचा स्वयंपाक मी पाहते’ एवढे म्हणणे, यजमानांनी कारखान्यातून आल्यावर स्वतः चहा करून घेणे, मुलांनी खोलीत आवाज न करणे, या गोष्टींची गणना औषधांतच करावयास हवी. पुष्कळ स्त्रिया गोळी सोडू शकत नाहीत, त्याचे कारण वेदना हे नसून, पडून राहण्याची मुभा त्यांना नसते, हे असते.

दुसरा वर्ग प्रतिबंधक औषधांचा. त्यांतील एकाचा इतिहास मनोरंजक आहे. प्रोप्रॅनोलॉल हे औषध मुळात हृदयासाठी निघाले. १९६६ साली हृदयरोग्यांवर त्याचा प्रयोग चालू असता, त्यांच्यापैकी एकाची जुनी अर्धशिशी थांबल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले, आणि तेव्हापासून ते अर्धशिशीत वापरले जाऊ लागले. दमेकऱ्यांना मात्र ते चालत नाही. फ्लुनारिझिन हे औषध भोवळ असणाऱ्यांना पुष्कळदा देतात. त्याने वजन वाढू शकते, उदासीनता येऊ शकते, आणि वृद्धांना कंप सुटू शकतो. अमिट्रिप्टिलिन व टोपिरामेट हीही वापरात आहेत. व्हॅल्प्रोएट हे औषध मूल होण्याच्या वयातील स्त्रियांनी टाळावयाचे असते. कारण ते गर्भाला अपायकारक आहे. २०१८ पासून वेदनावाहक द्रव्यालाच अडवणारी नवी इंजेक्शने आली आहेत. पण त्यांची किंमत सामान्य संसाराला झेपणारी नाही. यांपैकी कोणते औषध कोणाला, हे डॉक्टरांनी ठरवावे. रोग्याने एवढेच ध्यानात ठेवावे की, प्रतिबंधक औषधाचा गुण दिसावयास सहा ते आठ आठवडे लागतात. आठ दिवसांत गुण नाही म्हणून ते सोडणे, म्हणजे पेरणी केली आणि आठव्या दिवशी कणीस नाही म्हणून शेत नांगरून टाकणे होय. भोवळ तात्पुरती दाबणाऱ्या गोळ्यांचा नियम मात्र उलटा आहे. त्या चार-दोन दिवसांपुरत्याच घ्याव्या. दीर्घकाळ घेतल्यास मेंदूची स्वतःहून तोल सावरण्याची शक्ती मागे पडते.

औषधांइतकेच महत्त्व दिनचर्येला आहे. अर्धशिशीच्या मेंदूला बदल सोसत नाही, या एका वाक्यात तिचे सारे पथ्य सामावले आहे. कमी झोप सोसत नाही, तशी रविवारची जादा झोपही सोसत नाही. जेवणाची वेळ टळलेली सोसत नाही. रोजचा चहा चुकलेला सोसत नाही, आणि एकाऐवजी चार कप झालेलेही सोसत नाहीत. जबलपूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. अशा दुपारी पाणी कमी प्यालेले आणि डोक्यावर पदर वा छत्री नसलेले तिला सोसत नाही. भेडाघाटला पाहुण्यांना घेऊन जावे, तर भर दुपारी संगमरवरावरून परतणारा झगझगाट आणि धुवाँधारचा अखंड घोष या दोहोंनी तिचे डोके उठते. म्हणून भेडाघाट वर्ज्य करावा असे नाही. सकाळी लवकर जावे, न्याहारी करून जावे आणि सोबत पाणी न्यावे.

उपासांचा प्रश्न नाजूक आहे. नवरात्रात जबलपूरच्या रस्त्यांतून देवीच्या मूर्ती, रोषणाई आणि ध्वनिक्षेपक यांची गर्दी उसळते. त्यात नऊ दिवसांचे उपास आणि रात्रीची जागरणे यांची भर पडली, म्हणजे अर्धशिशीला आवतण देणे झाले. आपल्या व्रतांत आजारी माणसाला सवलत नेहमीच राहिली आहे. दर तीन-चार तासांनी थोडे फळ, ताक किंवा राजगिऱ्याचे काही पोटात गेले, तर व्रत मोडत नाही आणि डोकेही उठत नाही. तसेच नहाणाचे. मुंबईचे डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. डोक्यावरून न्हाण्याने अर्धशिशी उठते, ही घरोघरच्या बायकांची तक्रार त्यांनी शास्त्राच्या दरबारी रुजू केली. जिला हा अनुभव असेल तिने उपाशीपोटी न्हाऊ नये आणि केस ओले ठेवू नयेत.

सूर्योदयापूर्वी दूध-जिलबी खाण्याचा घरगुती उपायही सर्वश्रुत आहे, आणि खव्याच्या जिलबीसाठी नाव मिळवलेल्या जबलपुरात तो करावयास कोणाचीच ना नसावी. रात्रभराच्या रिकाम्या पोटात अन्न गेल्याने एखादीला त्याने बरे वाटतही असेल. परंतु मोठ्या माणसांतील अर्धशिशीचा झटका चार ते बहात्तर तासांत बहुधा आपोआपच ओसरतो, आणि ओसरण्यापूर्वी जो उपाय केला असेल त्याला यश मिळते, हे विसरू नये.

स्वतःला काय सोसत नाही हे कळण्याचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे नोंद. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरातही भिंतीवर मराठी दिनदर्शिका टांगलेली असते, आणि तिच्या चौकोनांत दुधाचा नि कामवालीच्या खाड्यांचा हिशोब लिहिलेला असतो. त्याच चौकोनात तीन खुणा कराव्या: डोके दुखले तर एक, भोवळ आली तर दुसरी, गोळी घेतली तर तिसरी. झोप, उपास, प्रवास, पाळी यांची जोडीला एखादी नोंद असावी. तीन महिन्यांची ती पाने घेऊन आपली गृहिणी डॉक्टरांकडे जाते, तेव्हा ‘चक्कर आता है’ या वाक्याची तिला गरज राहत नाही. तिची कैफियत ती पानेच मांडतात. महिन्यात अठरा दिवस तिसरी खूण दिसली, की डबीचा अपराध डॉक्टरांच्याही ध्यानात येतो आणि तिच्याही. आणि सासूबाईंना व यजमानांना जे बोलून पटले नव्हते, ते भिंतीवर पाहून पटते.

काही प्रसंगी मात्र नोंदी करीत बसू नये. डोके क्षणार्धात कधी नव्हे इतक्या जोराने दुखू लागले, तापाबरोबर मान ताठली, हातापायांतली शक्ती गेली, बोबडी वळली, एकाची दोन दिसू लागली, डोक्याला मार लागल्यानंतर दुखणे सुरू झाले, गरोदरपणात नव्याने उद्‌भवले, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच आले, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे. जबलपुरात १९५५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा वेळी घरगुती लेपात घालवलेला तास पुन्हा मिळत नाही.

अर्धशिशी समूळ जाते का, हा प्रश्न प्रत्येक रोगी विचारतो. वय वाढते तशी ती पुष्कळांची सौम्य होते. पण ती हमखास कायमची घालवील असे औषध आज नाही. तिच्याशी तह करावा लागतो, आणि त्या तहाची कलमे वर आलीच आहेत: नियमित झोप, वेळेवर अन्न, मोजून घेतलेली गोळी, रोजची नोंद. त्यांत एक कलम घरच्यांनी पाळावयाचे आहे. तिने ‘घर फिरते आहे’ म्हटले, तर आपल्याला स्थिर दिसणाऱ्या घरावर विसंबून तिला खोटे पाडू नये. १९९७ च्या त्या रात्रीनंतर जबलपूरकरांना उमगले की, भूकंप थांबवणे माणसाच्या हाती नाही, पण तो सोसेल असे घर बांधणे आहे. कलमे नीट पाळली गेली तर महिन्याचे पंधरा दिवस चारांवर येतात, आणि उरलेले दिवस तिचे स्वतःचे होतात.